साबणाची खाच

ज्या वाडीबद्दल लिहिणार आहे तिचं नाव मी सांगणार नाही. पोलादपूरहून कापड्याकडे जाणारी एसटी धरायची, कापड्याच्या पुढे एका फाट्यावर उतरायचं आणि मग चढायचं, एवढंच सांगते. कारण माझ्यासारखी माणसं तिथे जाऊ नयेत अशी माझी इच्छा आहे. माझ्यासारखी म्हणजे कशी, ते वाचता वाचता कळेलच.

मी पुण्यातल्या एका बँकेत तीस वर्षं लॉकर विभागात होते. ज्याची वस्तू त्याच्याच हातात जाते ना, हे बघणं एवढंच माझं काम. निवृत्त झाल्यावर घरात बसून नवऱ्याला उपदेश करण्यापेक्षा काहीतरी शिकावं, अशी नवऱ्यानेच सूचना केली, म्हणून मूर्ती आणि मंदिर-स्थापत्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. प्रमाणपत्र मिळालं, ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं. तेव्हापासून देवळात गेले की मी देवाकडे कमी आणि खांबांकडे जास्त बघू लागले. शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या बायकांना "वरचं वितान बघितलंत का?" असं विचारू लागले. वितान म्हणजे कोरीव छत, हेही त्यांनी न विचारता सांगू लागले. नवऱ्याने माझ्याबरोबर देवळात येणं बंद केलं.

आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. दाट झाडी, कमरेइतक्या भिंती, मधे एक कोरीव चौकट. खाली लिहिलं होतं, पोलादपूरच्या बाजूला पडक्या देवळांचा समूह, फारसं कुणी बघितलेलं नाही. हे शेवटचं वाक्य वाचलं की आमच्या वर्गातल्या माणसांची गुळावरच्या मुंगळ्यांसारखी अवस्था होते. दोन दिवसांत मी निघाले. ग्रुपवर कुणाला कळवलं नाही.

शनिवार

आंबेनळी घाटाचं वर्णन मला करता येणार नाही, कारण तो मी डोळे मिटून आणि आलेपाकाची वडी चघळत पार केला. पोलादपूरच्या लॉजवाल्यांनी माझी टोपी बघितली, गळ्यातला कॅमेरा बघितला, "देवळं का?" असं विचारलं आणि जाधव गुरुजींचा नंबर दिला.

गुरुजी फाट्यावर छत्री घेऊन उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वाडीखालच्या बौद्धवाडीत राहणारे, मोजकं बोलणारे. ते मोजकं बोलत असल्यामुळे सगळं मीच बोलले. दिवाळी नुकतीच सरली होती, वाटेच्या दोन्ही अंगांना भातकापणी चालू होती. हेमाडपंती हा शब्द लोक किती चुकीचा वापरतात हे मी बांधावरून चालता चालता मागे वळून समजावत होते. बांध ही जागा मागे वळून व्याख्यान देण्याची नाही. एका पायाने मी भातात गेले. कापणारी बाई विळा थांबवून म्हणाली, "गुरुजी, पावनीला पुढं घाला, नायतर आमच्या भाऱ्यात बांधली जाल ती."

थोडं वर गेल्यावर गवतात एक उभा दगड दिसला. एका टोकाला गोलाई, मधे पुसट खोदकाम. मी गुडघ्यावर बसले, "वीरगळ! वीराच्या स्मरणाचा दगड!" असं मोठ्याने म्हणाले आणि फोटो काढत सुटले. गुरुजींनी माझे सगळे फोटो काढून होऊ दिले. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, तो मैलाचा दगड आहे. रस्ता रुंद केला तेव्हा कुणीतरी उचलून आणला आणि इथे पुरला. गुरं बांधायला बरा पडतो."

देवळं मात्र खरी होती. डोंगराच्या खांद्यावर एक सपाटी आणि तिच्यावर चार देवळं. चार म्हणायचं ते गुरुजींनी सांगितलं म्हणून, कारण त्यांतली तीन म्हणजे झाडोऱ्यात बुडालेले दगडांचे ढीग. चौथ्याचं छत आत कोसळलेलं, गाभाऱ्यात उंबर वाढलेला, आणि समोर ती चौकट तेवढी ताठ उभी. तिच्यावर वेल चढत गेलेली, वेलीत हंस, आणि तळाशी दोन्हीकडे बायका उभ्या, त्यांची तोंडं झिजून गेलेली. बाजूची भिंत गुडघ्याएवढी होती, कुठूनही आत जाता आलं असतं. मी तशीच ओलांडून गेले. गुरुजी वळसा घालून चौकटीसमोर आले, चपला काढल्या आणि वाकून चौकटीतूनच आत शिरले. मला माझ्या बुटांची लाज वाटली, पण ते काढायला खाली बसावं लागतं म्हणून तशीच राहिले.

पुण्यात देवळात गेलं की मागची बाई ढकलते आणि पुढचा माणूस हलत नाही. इथे एक वासरू आणि आम्ही दोघं. मला खरंच गलबलून आलं. एवढं कुणीतरी घडवलं, आणि आता कुणी नाही, असं काहीतरी मनात आलं. हे मी लिहिते आहे ते पुढे जे केलं त्यावर जरा उजेड पडावा म्हणून.

गुरुजी झऱ्यावरून पाणी आणायला गेले. चौकटीच्या पायथ्याशी टाकळ्याच्या झुडपात मला एक हात दिसला. दगडाचा, माझ्या मधल्या बोटाएवढा, कोपरापासून तुटलेला. मनगटात तीन बांगड्या, मूठ अर्धवट उघडी. मी तो फक्त बघायला उचलला. मग वाटलं, पडूनच तर आहे. मग वाटलं, इथे झिजून जाईल. काळा दगड, शेकडो पावसाळ्यांत बांगड्या शाबूत राहिलेल्या, तो नेमका मी आल्यावर झिजणार होता! शेवटी वाटलं, माझ्याइतकं कोण जपणार, आणि हात रुमालात गुंडाळून कॅमेऱ्याच्या पिशवीत गेला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळलेल्या बाईला हे करायला पुरता एक मिनिटही लागला नाही. गुरुजींनी आणलेलं पाणी मी त्यांच्याकडे न बघता प्याले.

संध्याकाळी लॉजवरून नवऱ्याला फोन केला. "टीव्हीशेजारची फुलदाणी काढून ठेवा."

"का?"

"आल्यावर कळेल."

रविवार

दुसऱ्या दिवशी मी मोजमापं घ्यायला पुन्हा गेले. गुरुजी म्हणाले, "वर जाण्याआधी एका घरी चला. तुमच्या शिक्षणाचा तिथे उपयोग आहे." माझं शिक्षण उपयोगाचं आहे असं गेल्या सहा महिन्यांत कुणीही म्हटलं नव्हतं. मी फुगले.

घर द्रौपदीबाईंचं. सत्तरीच्या, उंच, नऊवारी वर खोचलेली. मी पोचले तेव्हा त्या बाहेर निघाल्या होत्या. "बसा, मॅडम. ह्यो विळा तेवढा देऊन येतय." आल्या, आणि लगेच एक पाटी उचलून पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा एक पितळी परात घेऊन निघाल्या तेव्हा त्यांच्या मुलाने, संतोषने, हसत उलगडा केला. तो तिकडे शहरात, दिव्याला राहतो. कापणीला आला होता, आणि उद्या सकाळी आईला घेऊन जाणार होता, कायमचं. घराला कुलूप लागणार होतं.

द्रौपदीबाई पदराने घाम पुसत ओटीवर बसल्या. "कुलूप लावायच्या आदी दुसऱ्याचं काय आपल्या घरात ठेवायचं नाय. सासू सांगायची. आपलं मागं ऱ्हायलं तर चालंल, दुसऱ्याचं नाय."

माझ्याकडे शेजारणीचं ढोकळ्याचं पात्र चार वर्षं आहे. पहिलं वर्षभर ते तिचं आहे हे मला आठवत असे. 

आधी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी आणि सुकट, वर कांदा. पुण्यात मी सुकटीचं नाव काढलं तरी खिडक्या उघडते. इथे तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला नको म्हणताना माझा आवाज खोटा निघाला. खाता खाता द्रौपदीबाईंनी काम सांगितलं. परसात धुण्याचा दगड होता. तो त्यांच्या सासऱ्याने वरच्या देवळातून आणलेला.

"मी लग्न होऊन आलेली तेवाच आणलान. लोकं बोलली, देवाचा दगड कशाला आणलास? तर बोलला, पडूनच तर हाय."

मी हातातला घास ताटात ठेवला. पाणी प्याले. "मग काही वाईट झालं का त्यानंतर?"

"काय व्हयाचंय? दगड काय करतो गरीब? माझा सगळा जन्म त्याच्यावर धुनी धुन्यात गेला. पन दुसऱ्याचं ता दुसऱ्याचं. बाकी सगळं देऊन झालं, ह्यो तेवढा ऱ्हायला. वर नुसता नेऊन टाकला तर ता देनं नाय झालं, टाकनं झालं. जिथला तिथं गेला पायजे. तुमी शिकलेल्या, जागा सांगा."

दोन शेजाऱ्यांनी पहारीने दगड उचकटला आणि पालथा केला. माती झाडल्यावर खाली अर्धं कमळ निघालं, पाकळ्यांवर पाकळ्या, कडा अजून धारदार. मी श्वास रोखला आणि मग, रोखायला हवं होतं ते तोंड, उघडलं. "हे वितान आहे," मी जाहीर केलं. "छताच्या मधोमध असं कमळ असतं. हा दगड आकाशाच्या जागी होता. खाली उभा राहिलेला भक्त वर बघतो, तेव्हा..." पुढची पाच मिनिटं मी कुणालाही दगड उचलू दिला नाही.

मग जाड लाकडी बल्लीला दोर बांधून चौघांनी तो उचलला. संतोष, ते दोन शेजारी आणि चौथे गुरुजी. मी कॅमेरा उचलला. वाटेत खांदे बदलायला थांबले तेव्हा गुरुजी मान पुसत म्हणाले, "आमच्या आजोबांना ह्या सपाटीवर पाय ठेवायची बंदी होती, मॅडम. वरच्या वाडीतली माणसं खालूनच हाकलायची. आज त्यांचाच दगड माझ्या खांद्यावर आहे." कडवटपणे नाही बोलले. जसं होतं तसं बोलले. द्रौपदीबाईंनी खाली बघितलं आणि आपल्या डोक्यावरच्या फडक्याची चुंबळ करून गुरुजींच्या खांद्यावर, बल्लीखाली सरकवली. या वेळी मला काहीही समजावून सांगावंसं वाटलं नाही.

वर पोचल्यावर मी त्यांना पडक्या मंडपाच्या मधोमध थांबवलं. छतच नव्हतं, तेव्हा छताखालची बरोबर मधली जागा हीच योग्य, असा माझा निर्णय. दगड ठेवला. सगळ्यांनी द्रौपदीबाईंकडे बघितलं. त्या दगडाभोवती एक चक्कर मारून आल्या.

"हितं नाय."

"अहो, पण शास्त्राप्रमाणे..."

"ही साबनाची खाच बघा." त्यांनी दगडाच्या सपाट कडेवर बोट ठेवलं. तिथे एक आरपार खोबण होती, अर्ध्या डमरूच्या आकाराची. "हिच्यात साबन ठेवायची मी. अशी खाच उगा कोन पाडतो? हिची जोडीदार आसंल कुठंतरी."

"ती नंतर पडली असेल," मी म्हणाले. कोर्टात दाव्याला उभी राहिलेली माणसं अशीच बोलतात.

त्या माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. एकेका दगडाच्या कडेवरून तळहात फिरवत निघाल्या. डोळे भलतीकडेच, नुसता हात चालू. मंडप संपला, भिंत संपली, आणि मग त्या चौकटीसमोर खाली बसल्या. टाकळा उपटू लागल्या. काल मी जिथून तो हात उचलला, तिथून जेमतेम दोन हातांवर. माझ्या खांद्यावर पिशवी होती. ती एकदम जड लागायला लागली.

"हाय हितं," त्या म्हणाल्या.

मातीखाली एक दगड होता, त्याच्या कडेला तसाच अर्धा डमरू. गुरुजी वाकले. "बरोबर. दोन दगड सांधायचे तर गवंडी दोन्हींत अर्धी अर्धी खाच पाडायचे आणि मधे लोखंडाची किल्ली बसवायचे."

हे मला माहीत होतं. चौथ्या धड्यात होतं. मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

माती उकरली, पहारी लावल्या, आणि द्रौपदीबाईंचा दगड सरकत सरकत जाऊन दुसऱ्याला भिडला. कट्ट असा आवाज आला. अर्धं कमळ पुरं झालं, आणि चौकटीसमोर एक रुंद, अर्धगोल पायरी उभी राहिली. मी जो आकाशात नेऊन बसवला होता, तो पायाखालचा निघाला. कुणी हसलं नाही. गुरुजींनी छत्री उघडून तोंडासमोर धरली, एवढंच.

त्या खाचेत निळ्या साबणाचा एक चपटा तुकडा अजून चिकटलेला होता. संतोष काडीने तो काढायला गेला. "ऱ्हाऊ दे रे," आई म्हणाली. मग त्यांनी पायरीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. घर सुटत होतं त्याचं रडू त्यांनी त्या दगडापाशी रडून घेतलं.

हीच वेळ होती. मी पिशवी उघडायची, रुमाल काढायचा आणि म्हणायचं, माझ्याकडेही एक आहे. पण सगळे माझ्याकडे शिकलेली बाई म्हणून बघत होते, निदान मला तसं वाटत होतं, आणि आकाशाचा दगड चुकल्यावर आता आणखी केवढी अब्रू घालवायची? मी फोटो काढले.

सोमवार

रात्री गुरुजींकडे राहिले. सकाळच्या एसटीत द्रौपदीबाई माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर तांदळाचं बोचकं. संतोष मागे सामान धरून होता. वाडी दिसेनाशी होईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग संतोष म्हणाला, "मॅडम, पायरीचे फोटो आईला दाखवा ना."

मी कॅमेरा ओढून काढला. त्याच्या पट्ट्यात अडकून रुमाल आला आणि तो हात बोचक्यावर पडला. तीन बांगड्या, अर्धी मूठ.

द्रौपदीबाईंनी तो उचलला, उलटा करून बघितला. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता विचारतील कुठे मिळाला, आणि मी चक्क दुकानाचं नाव शोधू लागले. त्यांनी तो हात रुमालात बांधला, माझ्या मुठीत ठेवला आणि उठून दोरी ओढली. घंटी वाजली, एसटी थांबली.

"काय राहिलं, आजी?" कंडक्टरबाई ओरडल्या.

"माझं काय नाय. हिचं ऱ्हायलंय. ठेवायचं ऱ्हायलंय." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "उतर गो बाय. अजून लांब नाय गेलीस."

दोन दिवस मी मॅडम होते. त्या एका वाक्यात त्यांची सून, लेक, शेजारीण, जी कुणी झाले असेन ती झाले, आणि भर एसटीत मान खाली घालून उतरले. सगळ्या खिडक्यांतून लोक बघत होते.

फाट्यापर्यंत परत चालत आले आणि पुन्हा चढले. बांधावर तीच बाई कापत होती. तिने मला एकटीला बघून विळा थांबवला. या वेळी मी पायाखाली बघून चालत होते.

वर पोचल्यावर खरी पंचाईत झाली. पायरीपासून दोन हातांवर एवढं कळत होतं, पण मी तो हात नेमका कुठून उचलला ते मला आठवेना. मैलाच्या दगडाचे ढीगभर फोटो होते, या जागेचा एकही नव्हता, कारण चोरी करताना कुणी फोटो काढत नाही. कुठेही ठेवून निघता आलं असतं. पण टाकणं आणि देणं यांतला फरक मला कालच कुणीतरी सांगितला होता. मी बूट काढले आणि टाकळ्यात बसून तळहाताने माती चाचपत राहिले. गुडघे कुरकुरले, हाताला खाजकुयलीसारखं काहीतरी लागलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बोटांना एक छोटा खळगा लागला, बोटभर लांब, तळाशी तीन बारीक आडव्या रेघा उमटलेल्या. बांगड्यांच्या. आत मुंग्यांनी ये-जा सुरू केली होती. त्यांना फुंकर मारून बाजूला केलं आणि हात ठेवला. तो असा बसला की जणू हललाच नव्हता. मी तिथेच बसून रडले. वासरू माझ्याकडे बघत होतं.

निघताना पायरीपाशी वाकले. साबणाला उन्हाने वास सुटला होता.

घरी आल्यावर नवऱ्याने टीव्हीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, "काय आणलंस?" मी सगळं सांगितलं. माझ्या फजितीवर तो एरवी आठवडाभर हसतो. या वेळी त्याने फुलदाणी आणून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी ढोकळ्याचं पात्र शेजारणीला परत दिलं. ती म्हणाली, "अगं, मी तर नवीन घेतलं."

चार दिवसांनी फोटो पाठवायचे म्हणून संतोषला फोन लावला. त्याने आईला दिला.

"ठेवलंस गो?"

"ठेवला."

"जागा गावली?"

"हाताने शोधली. सापडली."

"बरं झालं." मागून कुठल्यातरी यंत्राची घरघर ऐकू येत होती. "साबन हाय काय अजून थितं?"

"आहे. वाससुद्धा येतोय."

 मग द्रौपदीबाई म्हणाल्या, "हितं मशीन हाय. कपड्यांना मला हात लावू देत नाय कोन."

मला त्यांना पुष्कळ काही सांगायचं होतं. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातलं एकही वाक्य त्यासाठी उपयोगी पडलं नाही.